घोडीचा स्टड फार्मवर एवढा मुक्काम कशासाठी?

प्रश्न : माझ्या मावसभावाने मित्राबरोबर भागीदारीत शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी घेतली. तिच्यापासून शिंगरू घ्यायचं म्हणून डिसेंबरात ती पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर पोचवली. मे उजाडला तरी घोडी तिथेच आहे. दर महिन्याला खोराकीचं आणि ठेवणावळीचं बिल येतं, घोड्याची फी वेगळीच. जानेवारीत आम्ही बघायला गेलो तेव्हा अंधार पडून चार तास झाले तरी तिच्या खोलीत दिवा लख्ख जळत होता. पुढे सोनोग्राफी तर कितीदा झाली म्हणे! आमच्याकडे गाय माजावर आली की डॉक्टर मोटारसायकलवरून येतात, कांडी भरतात, चहा घेतात आणि जातात. घोडीलाच एवढा थाट कशाला? आणखी एक : घोडी लहान चणीची आहे, घोडा धिप्पाड. शिंगरू अडणार तर नाही ना? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : गाईचं काम चहा उकळेपर्यंत उरकतं आणि घोडीचं अर्धं वर्ष रेंगाळतं, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. बिलाची शंकाही रास्त आहे. फक्त एक गोष्ट आधी लक्षात घ्या. मावसभाऊ जे पैसे मोजतो आहे त्यातले चाऱ्याचे थोडे आणि पाळतीचे जास्त. घोडीवर एवढी पाळत का ठेवावी लागते, याचं उत्तर काही अंशी तिच्या शरीरात आहे आणि काही अंशी माणसांनी केलेल्या नियमांत. या दोघांचं पंचांग जुळत नाही, आणि ते जुळवण्याची मजुरी म्हणजे तुमचं बिल.

पहिल्यांदा कांडीचा मुद्दा. घोडीला कृत्रिम रेतन लागू पडत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाही. परदेशात कितीतरी जातींच्या घोड्या कृत्रिम रेतनानेच गाभण राहतात. आपल्याकडे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर विभागाने तर २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्माला घातलं. पण शर्यतीची घोडी म्हणजे थरोब्रेड. या जातीची वंशावळ इंग्लंडात १७९१ पासून छापली जाते आणि भारतात तिची नोंद पुण्यातली स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. जगभरच्या थरोब्रेड नोंदवह्यांचा एक सामाईक नियम आहे : घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र येऊनच शिंगरू व्हायला हवं. कृत्रिम रेतन, भ्रूण प्रत्यारोपण, क्लोनिंग यांपैकी कशातूनही झालेलं शिंगरू नोंदलं जात नाही. नोंद नाही म्हणजे शर्यत नाही, आणि शर्यत नाही म्हणजे त्या कुळाला बाजारात किंमत नाही.

हा नियम कशासाठी? कोणाचं बीज कोणाच्या नावावर खपवलं जाऊ नये, हे जुनं कारण. आता प्रत्येक शिंगराची डीएनए तपासणी होते, तेव्हा त्या कारणात फारसा दम उरलेला नाही. पण एका घोड्याला एका हंगामात मोजक्याच घोड्या दाखवता येतात. कांडी सुरू झाली तर दोन-चार विजेत्या घोड्यांची हजारो पोरं होतील, बाकीच्या घोड्यांना कोणी विचारणार नाही आणि रक्तही एकसुरी होईल. यात जातीची काळजी किती आणि व्यापाराची किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते दुसरीचं पारडं जड आहे.

नियम असा असला की दोघांपैकी एकाला प्रवास करावाच लागतो. ज्या घोड्याकडे डझनांनी घोड्या येतात तो जागेवर राहतो आणि घोडी त्याच्याकडे जाते. आपल्या राज्यात अशी बरीच फार्म पुण्याच्या आसपास आहेत. मुंबईचं महालक्ष्मी आणि पावसाळ्यात भरणाऱ्या पुण्याच्या शर्यती यांच्याजवळ असण्याचा हा फायदा. पूनावालांचं स्टड फार्म १९४६ चं. शर्यतीला निकामी झालेले तिथले घोडे लसीच्या रक्तजलासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. ते काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हे जरा विषयांतर झालं, पण पुण्याच्या घोड्यांचा विषय निघाला की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता घोडी डिसेंबरातच का न्यायची ते पाहू. उत्तर गोलार्धातल्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस एकच असतो : १ जानेवारी. शिंगरू ५ जानेवारीला जन्मो की २५ मे रोजी, पुढच्या १ जानेवारीला दोन्ही एक वर्षाची धरतात आणि पुढे एकाच वयोगटात पळवतात. कोवळ्या वयात चार महिन्यांचा फरक म्हणजे हाडापेराचा मोठा फरक. साहजिकच प्रत्येक मालकाला शिंगरू वर्षाच्या सुरुवातीला हवं असतं.

मात्र फार घाई केली तर डाव उलटतो. घोडीचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा. समजा, २५ जानेवारीला घोडी दाखवली, तर शिंगरू ३१ डिसेंबरला जन्माला येईल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागदोपत्री एक वर्षाचं होईल! एका दिवसाच्या बछड्याला वर्षभर थोरल्या घोड्यांबरोबर पळावं लागेल. म्हणून हंगाम १५ फेब्रुवारीच्या सुमाराला सुरू करण्याची प्रथा आहे. ही तारीख हवेतून आलेली नाही. त्या दिवशी दाखवलेली घोडी अगदी लवकर, ३२० दिवसांतच व्याली, तरी शिंगरू १ जानेवारीलाच जन्मतं, आदल्या दिवशी नाही.

माणसाचं गणित असं फेब्रुवारीवर येऊन थांबतं, पण घोडीचं शरीर फेब्रुवारीत तयार नसतं. गाय-म्हैस वर्षभर माजावर येऊ शकते. घोडी मात्र दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते आणि हिवाळ्यात तिचे बीजकोश विश्रांती घेतात. अकरा महिन्यांनी होणारं पिल्लू कोवळ्या गवताच्या दिवसांत जमिनीवर यावं, अशी ही निसर्गाची सोय आहे. थंड प्रदेशातल्या मेंढीचं नेमकं उलटं असतं. तिचा गर्भकाळ पाच महिन्यांचा, म्हणून ती दिवस लहान होताना माजावर येते. दोघींचीही पिल्लं येतात ती वसंतातच.

शरीराला दिवस मोठा झाल्याचं कळतं ते डोळ्यांवाटे. अंधारात मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्र मोठी तर मेलाटोनिन जास्त वेळ, आणि तोवर बीजकोशांना जागं करणारी संप्रेरकं मंदावलेली. रात्र लहान झाली की हा लगाम सुटतो. तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीपासून संध्याकाळी दिवा लावून ठेवायचा आणि उजेडाचे तास एकूण सोळा करायचे. घोडीच्या मेंदूला वाटतं, उन्हाळा लागला. आठ-दहा आठवड्यांत ती माजावर येऊ लागते, म्हणजे बरोबर फेब्रुवारीच्या मध्यावर. तुम्ही जानेवारीत पाहिलेला दिवा तो हाच. त्याने थंडी पळवायची नव्हती की दृष्ट काढायची नव्हती. खोलीतल्या कुठल्याही कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पुरतो. फक्त नियमितपणा हवा. मधेच चार दिवस वीज गेली आणि कोणी जनरेटर लावला नाही, तर मेंदूला दिलेली ही हूल फसते.

इंग्लंडात हिवाळ्यातला दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो, तर पुण्यात सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. त्यामुळे आपल्याकडच्या घोड्यांची हिवाळी झोप तितकी गाढ नसते आणि काही घोड्या दिव्याविनाही लवकर माजावर येतात. पण ‘काही’वर विसंबून राहणं फार्मला परवडत नाही.

माज आला म्हणजे काम झालं, असंही नाही. घोडीचं चक्र साधारण २१ दिवसांचं आणि त्यातला माज पाच ते सात दिवसांचा. गाईचा माज दिवसभरातच उरकतो, म्हणून तिथे सकाळी पाहिलं की संध्याकाळी भरवा, हा ठोकताळा चालतो. घोडीचं बीज माजाच्या अखेरीस, शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटतं, आणि सुटल्यावर बारा तासांच्या आसपासच कामाचं राहतं. घोड्याचं रेत तिच्या शरीरात साधारण दोन दिवस तग धरतं. म्हणजे बीज सुटण्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांत घोडा दाखवला तरच नेम लागतो. ही वेळ बाहेरून दिसत नाही.

ती शोधायला फार्मवर दोन उपाय असतात. एक म्हणजे टीझर. हा साधासा, कमी किमतीचा घोडा. त्याला मजबूत आडोशाच्या पलीकडून घोडीजवळ नेतात. घोडी माजावर असली तर शेपटी वर करते, थोडं थोडं मुतते आणि शांत उभी राहते. नसली तर कान मागे टाकून लाथ झाडते. बिचाऱ्या टीझरच्या वाट्याला निव्वळ चौकशीचं काम, पुढचा मान दुसऱ्याचा. दुसरा उपाय सोनोग्राफी. बीजकोशावरचा फुगा ३५ मिलिमीटरच्या पुढे गेला, मऊ पडू लागला आणि गर्भाशयाची सूजही उतरू लागली की डॉक्टर सांगतात, उद्या दाखवा. त्याआधी गर्भाशयाचा स्वॅब घेऊन जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केलेली असते. एका घोडीचा संसर्ग घोड्यामार्फत पुढच्या सगळ्या घोड्यांना जाऊ शकतो, म्हणून यात सूट मिळत नाही.

नंतरच्या सोनोग्राफींचं कारण वेगळं आहे. पहिली होते चौदाव्या ते सोळाव्या दिवशी. घोडी गाभण आहे का हे तर त्यात कळतंच, पण डॉक्टर खरं शोधत असतात ते जुळं. जुळं म्हटलं की आपल्याला आनंद होतो. घोडीच्या बाबतीत ते संकट आहे. तिची वार गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या आतल्या पृष्ठभागावर पसरते आणि तिथूनच पोषण घेते. दोन वारांना तेवढी जागा नसते. बहुतेक वेळा दोन्ही गर्भ दगावतात, नाहीतर अशक्त पिल्लं जन्मतात आणि घोडीचाही जीव धोक्यात येतो. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाचे इवलेसे फुगे गर्भाशयात फिरत असतात. तेवढ्यातच डॉक्टर त्यांना अलगद वेगळे करून त्यांतला एक दाबून विरवतात. एकदा ते शेजारी शेजारी स्थिरावले की हे काम अवघड होतं.

दुसरी तपासणी साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी होते. तेव्हा गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात. हीदेखील पस्तिसाव्या दिवसाच्या आत व्हावी लागते. कारण त्या सुमाराला गर्भाच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून स्वतःचं एक संप्रेरक बनवू लागतात. त्यानंतर गर्भ गेला तरी ते संप्रेरक कित्येक आठवडे टिकतं, घोडी धड माजावर येत नाही आणि तो हंगाम वाया जातो. त्याआधी चूक लक्षात आली तर अजून एक संधी मिळते. तिसरी तपासणी दीड महिन्याच्या आसपास, गर्भ टिकल्याची खूण म्हणून. डिसेंबर ते मे हा हिशेब असा भरतो : दोन-अडीच महिने दिव्याचे, एक-दोन चक्रं नेम साधण्याची, दीड महिना खात्रीचा.

आता तुमच्या लहान चणीच्या घोडीबद्दल. शिंगरू अडेल ही भीती स्वाभाविक आहे, पण घोड्यांच्या बाबतीत ती बहुतांशी निराधार. १९३८ मध्ये केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी राक्षसी शायर घोडे आणि बुटके शेटलंड तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला. शायर घोडीच्या पोटी झालेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा जन्मतः तिप्पट वजनाचं भरलं. दोन्हींचं रक्त मात्र निम्मं-निम्मंच होतं. जन्माच्या वेळी शिंगरू किती मोठं असावं हे घोडीचं गर्भाशय ठरवतं, घोडा नाही. त्याच दमात दुसराही एक समज खोडून काढतो. ‘घोडा चांगला बघा, घोडी कसलीही चालते’ हे वाक्य बाजारात फार ऐकू येतं. निम्मी जनुकं घोडीची. त्याखेरीज अकरा महिन्यांचं पोट, दूध आणि पहिल्या सहा महिन्यांची शिकवणही तिचीच. म्हणूनच विजेत्यांची आई असलेल्या घोडीला शर्यत जिंकलेल्या घोडीहून जास्त भाव येतो.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेल्या मारवाडी किंवा काठियावाडी घोडीला ही सगळी यातायात लागत नाही. तिथे १ जानेवारीची सक्ती नाही, कृत्रिम रेतनाला बंदी नाही. उन्हाळ्यात आपसूक माज आला की घोडा दाखवायचा. जुळ्याची तपासणी मात्र तिथेही करावी, आणि सहसा होत नाही ती तीच.

उरलं बाळंतपण. घोडी बहुधा रात्री विते, आणि कोणी बघत असलं तर कळा काही काळ लांबवू शकते, असा अनुभवी मोतद्दारांचा अनुभव आहे. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन दिवसांत व्यायचा संभव. एकदा पाणी फुटलं की अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. गाईसारखं तास-दोन तास वाट बघत बसणं इथे चालत नाही. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली तर वार अवेळी सुटली आहे असं समजायचं. ती तिथल्या तिथे फाडावी लागते, डॉक्टर येईपर्यंत शिंगरू गुदमरतं. सगळं सुरळीत असलं तर शिंगरू तासाभरात उभं राहतं, दोन तासांत पितं आणि तीन तासांत वार पडते. वार त्याहून रेंगाळली तर घोडीला तातडीचे उपचार हवेत. या रात्रींसाठीच फार्मवर जागता पहारा असतो आणि तोही बिलात येतो.

इथे गोठ्यातली एक सवय मोडावी लागते. वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, असं आपल्याकडे अजून बरेच जण मानतात. वासराच्या बाबतीतही ते चूक आहे, शिंगराच्या बाबतीत तर घातक. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भापर्यंत पोचतच नाहीत. शिंगरू जन्मतं ते पूर्ण निःशस्त्र. पहिल्या काही तासांत प्यालेला चीक हेच त्याचं संरक्षण, आणि दिवसभरात त्याच्या आतड्याची ती द्रव्यं जशीच्या तशी शोषून घेण्याची शक्ती संपते. त्यामुळे चांगली फार्म्स चीक गोठवून शिल्लक ठेवतात. खरवसाच्या आशेने त्यावर डोळा ठेवू नये.

व्याल्यानंतरही घोडीला उसंत नाही. ३४० दिवसांचा गर्भकाळ वजा केला तर वर्षातले २५ दिवस उरतात. दरवर्षी त्याच सुमाराला शिंगरू हवं असेल तर तेवढ्यात ती पुन्हा गाभण राहायला हवी. व्याल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात पहिला माज येतो, पण त्या वेळी गर्भाशय पुरतं सावरलेलं नसतं. बरेच डॉक्टर तो सोडून पुढचा धरतात. परिणामी जन्मतारीख दरवर्षी थोडी पुढे सरकते आणि तीन-चार वर्षांनी एक वर्ष रिकामं सोडावं लागतं. मावसभावाने दरवर्षी एक शिंगरू असा हिशेब मांडला असेल तर तो आताच दुरुस्त करायला सांगा.

त्याला आणखी दोन-तीन गोष्टी विचारायला सांगा. घोड्याची फी कशावर देय आहे : घोडी दाखवण्यावर, गाभण ठरण्यावर, की शिंगरू उभं राहून दूध पिण्यावर? गर्भ गेला तर पुढच्या हंगामात तोच घोडा विनाशुल्क मिळणार का? डॉक्टर, औषधं, नाल आणि पहारा रोजच्या दरात धरलेत की वेगळे? हे सगळं कागदावर असावं. तोंडी आश्वासनावरून भागीदारांतच भांडणं लागतात. घोडी हलवताना ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा दाखलाही बरोबर हवा. हा रोग माणसालाही होतो.

तिसरी सोनोग्राफी नीट आली असेल तर घोडी घरी आणायला हरकत नाही. तिच्यासाठी मोकळं रान, स्वच्छ पाणी, लसूणघास आणि बेताचा खुराक पुरे. गर्भपात घडवणाऱ्या विषाणूवरची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात, आणि धनुर्वाताची व्यायच्या महिनाभर आधी द्यायला विसरू नका. फार्मवरच विणार असेल तर तिला किमान चार-सहा आठवडे आधी तिथे पोचवा. तिथल्या जंतूंविरुद्धची द्रव्यं तिच्या रक्तात तयार होऊन चिकात उतरायला एवढा वेळ लागतोच. त्या दीड महिन्याच्या ठेवणावळीत मात्र घासाघीस करू नका.